जुन्या मोटारीचा सायलेन्सर बदलताना

समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्या माणसाला गंजाची ओळख करून द्यावी लागत नाही. खिडकीचे गज, दाराची कडी, विहिरीवरचा रहाट, पंपाचे बोल्ट या सर्वांवर खाऱ्या वाऱ्याचा अंमल कसा चालतो हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो, आणि म्हणूनच पावसाळा सरला की गजांना रंग देण्याची व बिजागऱ्यांना तेल घालण्याची तजवीज तो न चुकता करतो. परंतु मोटारीच्या पोटाखालून मागे जाणारी, इंजिनातील जळका वायू बाहेर सोडणारी जी नळी आणि तिला जोडलेले जे डबे, ज्या सर्वांना मिळून आपण बोलताना सरसकट सायलेन्सर म्हणतो, ती सामग्री नजरेआड असल्यामुळे तिच्याकडे कोणी वळत नाही. ती फुटून गाडी ओरडू लागली म्हणजे मग वेल्डिंगवाल्याकडे धाव घ्यायची, ठिगळ लावून घ्यायचे आणि आवाज थांबला की विषय संपला असे मानायचे, हीच सर्वसाधारण रीत. मीही अनेक वर्षे तेच करत होतो.

आमच्या घरी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा मागे पडून आंबा घाट लागला आणि पावसाची अशी झड आली की चारही काचा वर कराव्या लागल्या. आई मागे बसली होती. निम्मा घाट चढून झाला नसेल तोच ती म्हणाली, "डोकं जड झालंय रे, मळमळतंयसुद्धा." वळणांचा त्रास असेल असे समजून मी आलेपाकाची वडी पुढे केली आणि गाडी तशीच चालवत राहिलो. आंबा गावाशी थांबलो, ती पाच-दहा मिनिटे मोकळ्या हवेत उभी राहिली आणि तिला हुशारी वाटली. पण काचा लावून मलकापूर गाठतो तो तिचे डोके पुन्हा धरले. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एका वृद्ध मेस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, तेव्हा उलगडा झाला. डब्याला वरच्या अंगाने, म्हणजे खालून वाकून पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा ठिकाणी, तळहाताएवढे भोक पडले होते. आणि त्याच्या नेमके वर, मागच्या सीटच्या पायथ्याशी, रबरी चटईखालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजात त्याच डब्याला खालून ठिगळ लावून घेतले होते. ते ठिगळ शाबूत होते.

पेट्रोल पुरते जळले नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटत असल्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असतानाही माणसाच्या देहाला प्राणवायूचा दुष्काळ पडतो. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची पहिली लक्षणे, आणि ती गाडी लागण्याच्या त्रासाशी इतकी मिळतीजुळती असतात की घाटात कोणाचीही फसगत व्हावी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा धोका विशेष असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना इंजिन मंद चालत असताना या वायूची ३ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे, तर भारत स्टेज चारच्या गाड्यांना ०.३ टक्के; म्हणजे तपासणीत उत्तीर्ण झालेली आमची पद्मिनीसुद्धा अशा गाडीच्या दहापट विषारी वायू कायदेशीरपणे सोडू शकते. तो सगळा गाडीच्या मागच्या टोकापलीकडे नेऊन सोडणे हे त्या नळीचे खरे काम असून आवाज कमी करणे हे तिचे दुसरे काम आहे. आपण मात्र तिची परीक्षा केवळ आवाजावरून करतो, आणि सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो.

या नळीला खाणारा गंज बाहेरून आत जातो अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. पेट्रोलातील हायड्रोजन जळून पाणी तयार होते, आणि त्याचे प्रमाण ऐकून अनेकांना नवल वाटते: एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने त्या नळीतून बाहेर पडते. इंजिन तापून नळी शेवटपर्यंत गरम झाली म्हणजे ही वाफ निघून जाते; पण घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंत एवढाच जिचा प्रवास, त्या गाडीचा मागचा डबा कधी पुरता तापतच नाही, वाफेचे पाणी होऊन ते डब्यात साचते, आणि इंधनातील गंधकापासून बनलेली आम्ले त्यात उतरून आतला पत्रा खाऊ लागतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली, हे खरे. परंतु पाणी व्हायचे तेवढे होतेच, आणि बाहेरून खारी हवा व रस्त्याचा चिखल यांचा मारा चालूच असतो. त्या मेस्त्रींनी आमचा जुना डबा पकडीत धरून करवतीने मधोमध कापून दाखवला. आतून वाटीभर काळे पाणी निघाले, त्यापाठोपाठ चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा गंजाचा चुरा मूठ-मूठ सांडला, आणि आवाज अडवणारे आतले पडदे मोडून तळाशी पडलेले दिसले. डब्याचा वरचा पत्रा दोन बोटांत धरून त्यांनी दाबला तो पापडासारखा मोडला.

म्हणून तपासणी करायची ती डोळ्यांबरोबर कानांनी आणि हातांनी. गाडी पूर्ण थंड असावी. लाकडी हातोडीने किंवा पान्याच्या मुठीने नळीवर आणि डब्यांवर इंच-इंच ठोकत जावे: शाबूत पत्रा खणखणीत उत्तर देतो, खाल्लेला पत्रा बद्द बोलतो, आणि आत सुटलेले पडदे खडखडतात. जेथे आवाज बदलेल तेथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोराने टेकवून पाहावे. ते आत गेले तर निकाल लागला. डब्याची वरची बाजू पाहण्यासाठी छोटा आरसा आणि बॅटरी वापरावी. सांध्यांशी काजळीचे काळे पट्टे असतील, तर तेथून वायू फुटत आहे असे निश्चित समजावे. नंतर उघड्यावर इंजिन सुरू करून, एका माणसाने हातमोजा घालून ओल्या जाड फडक्याने मागचे तोंड क्षणभर दाबून धरावे आणि दुसऱ्याने कान देऊन फुसफुस कोठून येते ते ऐकावे. हे सर्व नळी तापण्याच्या आत आटोपायचे आहे. चटया उचलून जमिनीचा पत्रा पाहण्यास विसरू नये.

ठिगळ की बदली, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि माझे मत स्पष्ट आहे. दगड लागून डबा फुटला असेल आणि भोवतालचा पत्रा जाड असेल तर वेल्डिंग करून घेण्यास हरकत नाही. परंतु भोक गंजाने पडले असेल तर त्याच्या आजूबाजूचा पत्राही तितकाच झिजलेला असतो, वेल्डिंगची ज्योत लागताच तो वितळून भोक मोठे होते, आणि कसेबसे लावलेले ठिगळ तेवढ्या जागेची तक्रार मिटवून शेजारच्या जागेची झाकून ठेवते. अशा वेळी मागचा डबा, मधली नळी, पुढचा डाउन पाइप, सर्व क्लॅम्प, पॅकिंग आणि टांगण्याची रबरे अशी संपूर्ण सामग्री एकदमच बदलावी. एक डबा नवा आणि नळी जुनी असे केले की सहा महिन्यांनी तीच गाडी पुन्हा त्याच खड्ड्यावर येते, मजुरी दुप्पट लागते, आणि मधल्या काळात घरची माणसे त्याच गाडीत बसत असतात.

सुटे भाग मिळवण्याची खटपट आता वाढली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. तरी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर जुन्या गाड्यांचे पुष्कळ जिन्नस अजून निघतात. तयार नळी न मिळाल्यास पाइप बेंडिंग करणाऱ्याकडून जुन्या मापावर नवी करून घ्यावी, आणि त्यासाठी जुनी नळी, कितीही कुजलेली असली तरी, नवी बसेपर्यंत भंगारात देऊ नये. साधा लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण किनाऱ्यावर त्याचे आयुष्य थोडे; ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा त्याहून टिकाऊ; आणि स्टेनलेस स्टील परवडत असेल तर उत्तम. त्यातही ४०९ जातीत क्रोमियम सुमारे ११ टक्के असते आणि ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, म्हणून खाऱ्या हवेत दुसरी जात पत्करावी, आणि दुकानदार नुसते "स्टील आहे" म्हणाला तर जात विचारून बिलावर लिहून घ्यावी. नळीचा व्यास मूळचाच ठेवावा. रुंद नळी आणि पोकळ डबा लावल्याने गाडीची ताकद वाढते असे सांगणारे लोक भेटतात. एक हजार एकोणनव्वद सीसीच्या या शांत इंजिनाला त्याचा काही लाभ होत नाही, शेजाऱ्यांना मात्र उपद्रव होतो, आणि आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनास असलाच पाहिजे हे मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाचे बंधन मोडते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी प्रादेशिक परिवहन कार्यालयात न्यावी लागते, त्याच्या आधीच हे काम उरकलेले बरे. फुटक्या नळीत बाहेरची हवा शिरून तपासणी यंत्राचे आकडे पातळ होतात, म्हणून केवळ पीयूसीचा दाखला हातात आहे एवढ्यावरून नळी धड आहे असा निष्कर्ष काढू नये.

आता प्रत्यक्ष काम. ते घरी करायचे असेल तर एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, क्षणभरही नाही, निसटलेला पाना काढण्यापुरतेही नाही. जांभ्याचे अंगण वरून कठीण दिसते, पण जॅकच्या लहानशा पायाखाली चिरा फुटतो किंवा माती दबते, म्हणून जॅकखाली आणि गाडी टेकवण्याच्या लोखंडी घोड्यांखाली जाड फळ्या घालाव्यात; जमीन सपाट असावी; टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी द्याव्यात; घोड्या चॅसिसच्या किंवा ॲक्सलच्या मजबूत जागी लावाव्यात; आणि खाली जाण्यापूर्वी गाडी दोन्ही हातांनी हलवून खातरजमा करावी. विटा किंवा चिरे रचून त्यांवर गाडी ठेवण्याचा प्रघात आहे, तो सोडून द्यावा, कारण चिरा पूर्वसूचना न देता दुभंगतो. हा सरंजाम नसेल तर सरळ खड्डा असलेल्या गॅरेजात जावे आणि स्वतः शेजारी उभे राहावे. बॅटरीची तार काढून ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा, कारण खाली उताणे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांतच तो सगळा चुरा पडतो.

काम बिघडते ते नटांपाशी, आणि बहुधा घाईमुळे. आदल्या दोन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक नटावर, विशेषतः मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाच्या ज्या भागाला नळी जोडलेली असते त्याच्या, स्टडवर, गंज सोडवणारे तेल फवारावे आणि ते मुरू द्यावे. गरम नळीवर मात्र ते किंवा रॉकेल कधीही मारू नये. उघड्या तोंडाचा पाना न वापरता सहा कोनांचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना वापरावा, म्हणजे नटाचे कोपरे मरत नाहीत. पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने न देता अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावा. गंजाची पकड तुटल्याचा 'कट्' असा बारीक आवाज आला की मग उलट फिरवावे, पाव फेरा सोडावा, पुन्हा थोडे आवळावे, तेल द्यावे, पुन्हा सोडावे. या वेळी मनगटाला जे जाणवते त्याकडे सर्व लक्ष हवे. पाना जड पण सलग फिरत असेल तर नट सुटतो आहे. तो एकाएकी मऊ, लवचिक लागला तर नट जागचा हललेला नसून आतला स्टड पिळला जात आहे, आणि तेथेच थांबले पाहिजे. मग गॅसच्या ज्योतीने नट लाल होईपर्यंत तापवून प्रयत्न करावा, पण पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि टाकी यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. तेथे छिन्नीने नट फोडणे किंवा करवतीने कापणे हाच मार्ग. मागच्या क्लॅम्पच्या नटांवर दया करण्याचे कारण नाही, ते सरळ कापावेत, कारण ते नवेच येणार आहेत. जपायचे ते फक्त मॅनिफोल्डचे स्टड, कारण मॅनिफोल्ड बिडाचे असते, त्यात मोडलेला स्टड काढणे हे अंगणातले काम राहत नाही, मॅनिफोल्ड उतरवून टर्नरकडे न्यावे लागते. नवे नट तेथे पितळेचे घालावेत. पितळ लोखंडाला गंजून चिकटत नाही आणि पुढच्या माणसाचे श्रम वाचतात.

नळी उतरवून झाली की पोट मोकळे झालेल्या गाडीकडे एकदा निवांत पाहावे, कारण जमिनीच्या पत्र्याची दुरुस्ती करण्याची हीच वेळ. आमच्या गाडीचा तो चाळणी झालेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला तो याच टप्प्यावर. वेल्डिंगच्या वेळी वरची चटई, सीट, जवळची इंधनाची नळी बाजूला केलेली असावी आणि पाण्याची बादली व वाळू जवळ असावी. मॅनिफोल्डच्या तोंडावरचे जुने पॅकिंग खरवडताना ते आधी ओले करावे, कारण जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाणे घातक.

नवी सामग्री पुढून मागे बसवत जावी, पण पहिल्या फेरीत एकही बोल्ट पुरता आवळू नये. नवे पॅकिंग, ग्राफाइट ग्रीस लावलेले स्टड, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांना दीड इंचाचा शिरकाव, साबणाच्या पाण्यात बुडवून चढवलेली नवी रबरे, अशी सर्व मांडणी सैल लटकती ठेवून मग नळी हाताने इकडेतिकडे फिरवून तिची नैसर्गिक जागा शोधावी, जेथे रबरांवर ताण सारखा येतो आणि कोठेही ओढ लागत नाही. ती सापडल्यावरच पुढून मागे क्रमाने आवळावे. नळी आणि पत्रा, नळी आणि ब्रेकची नळी, नळी आणि प्रॉपेलर शाफ्ट यांमध्ये एक इंचाचे अंतर राहावे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा: गाडी चॅसिसखालच्या घोड्यांवर असताना मागचा ॲक्सल खाली लोंबतो, त्यामुळे त्याच्या वरून जाणाऱ्या नळीला भरपूर जागा दिसते, गाडी चाकांवर उतरवून मागे तीन माणसे बसवली की ॲक्सल वर येतो आणि तीच नळी त्याला घासू लागते. म्हणून अंतराचा अखेरचा हिशेब गाडी चाकांवर असतानाच करावा. मागचे टोक बंपरच्या बाहेर निघालेच पाहिजे. ते आखूड राहिले तर धावत्या गाडीच्या पाठीमागे जी हवेची पोकळी तयार होते तीत वायू घुटमळतो आणि डिकीच्या फटीतून आत ओढला जातो.

ज्यांची गाडी २००० नंतरची आहे, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची मारुती ८०० वगैरे, त्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. हातोडीचा एक ठोका तिचे तुकडे करू शकतो, आणि भंगारात तिला चांगली किंमत येते, म्हणून काढलेला जुना भाग गॅरेजातून मागून घ्यावा. कन्व्हर्टरच्या जागी नुसती नळी जोडून देण्याची सूचना कोणी केली तर ती मान्य करू नये. सेन्सरच्या पुढे सांधा गळत असेल तर बाहेरची हवा शिरून सेन्सरची दिशाभूल होते आणि इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल पिऊ लागते, हेही लक्षात असावे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करावे ते मोकळ्या आवारात. हातांचे तेल, ग्रीस, नव्या पत्र्यावरचा लेप जळून दहा-पंधरा मिनिटे धूर येतो. त्याने घाबरू नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे, बुडबुडे आले तर इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, पुन्हा आवळावे. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर सर्व क्लॅम्प एकदा पुन्हा आवळावे लागतात, कारण तापण्या-निवण्याने पॅकिंग दबते. ही फेरी बहुतेक लोक टाळतात, आणि नवी नळी महिन्याभरात फुसफुसू लागली म्हणून मेस्त्रींना दोष देतात.

त्यानंतरची निगा थोडी आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग रस्त्यावर चालवावी. दारात उभी करून इंजिन पाच मिनिटे चालू ठेवल्याने पाणी उलट साचते. काही डब्यांच्या तळाशी बारीक छिद्र असते, ते पाणी निथळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले आहे, त्याला बुजवू नये. पुळणीवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा मारावा. आणि भाताची कापणी चालू असताना मळ्यात किंवा खळ्यात गाडी लावायची झाली तर खाली पेंढा नाही ना, हे वाकून पाहावे, कारण लांबून चालून आलेल्या गाडीची नळी पेंढा पेटवण्याइतकी तापलेली असते.